कोल्हापूरच्या छोट्या कंपनीतून बर्लिनला: सॉफ्टवेअरवाले मला वारंवार विचारतात ते प्रश्न

कोल्हापुरात पंधरा माणसांच्या एका कंपनीत मी सहा वर्षं साखर कारखाने आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिलं. मग तीन वर्षं पुण्यात हिंजवडीला काढली आणि २०१८ पासून बर्लिनमध्ये आहे. दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. कधी कॉलेजमधला ज्युनिअर, कधी आत्याच्या शेजारचा मुलगा, कधी जुन्या ऑफिसातली सहकारी. प्रश्न बहुतेक तेच असतात. फोनवर घाईत उत्तर दिलं की काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. माझा अनुभव जर्मनीचा आहे, त्यामुळे जर्मनीबद्दल जास्त आणि बाकी देशांबद्दल थोडक्यात लिहिलंय. व्हिसासाठी लागणाऱ्या पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते. जर्मनीची इथे दिलेली मर्यादा २०२६ ची आहे.

मी लोकल कंपनीत आहे. सीव्हीवर एकही मोठं नाव नाही. बाहेर कुणी विचारेल का?

विचारतात. पण तुम्ही नेमकं काय केलंत ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, आणि आपली गाडी बहुतेक तिथेच अडते.

माझंच उदाहरण देतो. एका कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. गळीत हंगामात काटा चोवीस तास चालतो. रात्री दोन वाजता लाईट जायची, मुख्य ऑफिसशी जोडणारी लिंक तुटायची, आणि बाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग उभी असायची. सिस्टीम बंद आहे म्हणून काटा थांबवता येत नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून वजनाची नोंद आधी काट्यावरच्याच संगणकात जपायची आणि लिंक आली की मुख्य सर्व्हरला पाठवायची, अशी रचना आम्ही केली होती.

पहिल्याच हंगामात घोळ झाला. नोंद सर्व्हरला पोचायची, पण 'पोचली' हा निरोप परत यायच्या आत लिंक तुटायची. काट्यावरच्या संगणकाला वाटायचं की नोंद गेलीच नाही, म्हणून तो ती पुन्हा पाठवायचा. एका खेपेचं बिल दोनदा लागलं. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, त्यामुळे चूक शोधायला सवडही नव्हती. शेवटी मी प्रत्येक खेपेला काट्यावरच एक कायमचा क्रमांक द्यायला लागलो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरने नवी नोंद न करता फक्त 'मिळाली' एवढंच कळवायचं. दुबार बिलं थांबली.

सात वर्षांनी बर्लिनमधल्या एका पेमेंट कंपनीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं की ग्राहकाने पैसे भरायचं बटण दाबलं, उत्तर यायच्या आत नेटवर्क गेलं, त्याने पुन्हा दाबलं, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? तीच विनंती दोनदा आली तरी परिणाम एकदाच होणं, या गुणधर्माला आयडेम्पोटन्सी म्हणतात. हा शब्द मला तयारी करताना, महिनाभर आधीच कळला होता. पण त्या प्रश्नापायी मी रात्री जागून काढल्या होत्या. मी फळ्यावर काटा काढला, बैलगाडी काढली, तुटलेली लिंक काढली. मुलाखत घेणाऱ्या बाई पुढची वीस मिनिटं त्याच चित्रावर प्रश्न विचारत राहिल्या. दोन खेपांचे क्रमांक चुकून एक झाले तर? संगणकाचं घड्याळच चुकलं तर? ती नोकरी मला मिळाली.

लहान कंपनीत डेटाबेस तुम्हीच बनवता, गावोगाव जाऊन इन्स्टॉल तुम्हीच करता, चिडलेल्या मॅनेजरचा फोनही तुम्हीच घेता. मोठ्या कंपनीत चार वर्षं एकाच स्क्रीनवर काम केलेले खूप लोक मी पाहिलेत. त्यांच्यासमोर स्वतःला कमी समजू नका.

मग सीव्हीत लिहायचं कसं?

'साखर कारखान्यासाठी ईआरपी मॉड्यूल विकसित केलं' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दिवसाला किती गाड्या यायच्या, किती जण एकाच वेळी सिस्टीम वापरायचे, काय बिघडत होतं, तुम्ही काय बदललं आणि त्यानंतर काय थांबलं किंवा किती वाचलं, ते लिहा. आकडे खरेच हवेत. मुलाखतीत त्यावरच खोदून विचारतात.

वडिलांचं नाव, लग्न झालंय की नाही, छंद, आणि शेवटचं 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' हे सगळं काढून टाका. दोन पानं पुरतात. वीस तंत्रज्ञानांची यादी देऊ नका. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल तेवढीच नावं ठेवा. आणि कारखाना, पतसंस्था, बाजार समिती म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं, म्हणून एका ओळीत समजावून सांगा: हजारो शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी संस्था, जी त्यांचा ऊस विकत घेते. माझ्या सीव्हीतली सगळ्यात जास्त विचारली गेलेली ओळ हीच होती.

मुलाखतीची तयारी किती दिवस करू?

मी नोकरी सांभाळून आठ महिने केली. सकाळी साडेपाच ते साडेसात, कारण हिंजवडीची बस पकडल्यावर दिवस आपला राहत नाही. साधारण टप्पे असे असतात: रिक्रूटरशी अर्धा तास बोलणं, कोडिंगची एक-दोन सत्रं, सिस्टीम डिझाइन, आणि शेवटी 'तुम्ही माणसांबरोबर कसं काम करता' याची चर्चा. कोडिंगच्या सरावाबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडतं, म्हणून त्यात जात नाही. आपली मुलं खरी अडकतात ती शेवटच्या सत्रात.

आपण 'आम्ही' म्हणतो. 'आम्ही मॉड्यूल केलं, आम्ही प्रॉब्लेम सोडवला.' घरात शिकवलेली ही रीत आहे, स्वतःचं कौतुक स्वतः करू नये. पण समोरच्याला वाटतं, हा तिथे नुसता बसला होता की काय. मला पहिल्या तीन नकारांनंतर एका रिक्रूटरने हे सरळ सांगितलं. त्यानंतर मी प्रत्येक गोष्ट 'मी' वापरून लिहून काढली आणि मोठ्याने म्हणून पाहिली. पहिले काही दिवस लाज वाटली. सहकाऱ्यांचं श्रेय घेऊ नका, पण तुमचा वाटा तुमच्या तोंडून यायलाच हवा.

दुसरा ठरलेला प्रश्न असतो, 'वरिष्ठांशी कधी मतभेद झाला? काय केलंत?' 'कधीच झाला नाही' हे इथे चांगलं उत्तर धरत नाहीत. साहेबांना पटवून एखादा निर्णय बदलायला लावला असेल, किंवा न पटूनही ठरल्याप्रमाणे काम पूर्ण केलं असेल, तर तसा प्रसंग आधीच आठवून ठेवा.

तयारी करताना एक सोबती शोधा. माझ्या एका मैत्रिणीने आणि मी दर रविवारी एकमेकांच्या खोट्या मुलाखती घेतल्या. ती आता आयर्लंडमध्ये आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी तोडकंमोडकं आहे. जमेल?

माझंही दहावीपर्यंत मराठीतच झालं. बर्लिनच्या बऱ्याच टेक कंपन्यांत कामाची भाषा इंग्रजी असते, आणि ती बोलणारे निम्म्याहून जास्त लोक तिथे जन्मलेले नसतात. पोलिश, ब्राझिलियन, तुर्की सहकाऱ्यांचं इंग्रजी ऐकलंत की तुमची भीती निम्मी होईल. उच्चारांची काळजी सोडा. सावकाश बोला, वाक्य लहान ठेवा, कळलं नाही तर पुन्हा विचारा. न कळता मान हलवणं मात्र महागात पडतं. सरावासाठी मी रोज दहा मिनिटं मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचो. विषय एकच, आज ऑफिसात काय केलं.

जर्मन शिकावीच लागते का?

टेक कंपनीतल्या बऱ्याच नोकऱ्यांना लागत नाही. म्युनिक-स्टुटगार्टकडच्या वाहन उद्योगात आणि जुन्या कंपन्यांत मात्र बऱ्याचदा लागते. पण जगायला लागतेच. डॉक्टर, घरमालक, शाळा, सरकारी पत्रं, सगळं जर्मनमध्ये असतं. मी आळस केला आणि दोन वर्षं प्रत्येक पत्राचा फोटो काढून सहकाऱ्याला पाठवत बसलो. तुम्ही तसं करू नका. पुण्यात असाल तर बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग आहे. निघण्याआधी ए१ ही भाषेची पहिली पातळी झाली तरी पहिला हिवाळा सोपा जातो.

कायद्यातही याचा फायदा आहे. ब्लू कार्डवर (हा कामाचा परवाना, पुढे सांगतो) असलेल्या माणसाला ए१ जर्मन येत असेल, तर कायमच्या वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळू शकतो. त्याहून वरची बी१ पातळी येत असेल तर २१ महिन्यांनीच.

ब्लू कार्ड म्हणजे काय? मला मिळेल का?

युरोपीय संघाबाहेरच्या उच्चशिक्षितांसाठीचा हा कामाचा आणि राहण्याचा परवाना आहे. त्यासाठी हातात नोकरीचा करार लागतो, मान्य पदवी लागते आणि ठरावीक मर्यादेच्या वर पगार लागतो. २०२६ साठी ही मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो आहे. मनुष्यबळाची टंचाई असलेल्या क्षेत्रांत ती कमी, म्हणजे ४५,९३४ युरो २० सेंट आहे, आणि आयटी त्यात येतं. गेल्या तीन वर्षांत पदवी मिळवलेल्यांनाही हीच कमी मर्यादा लागू होते.

पदवी मान्य आहे का, हे अ‍ॅनाबिन नावाच्या जर्मन सरकारी डेटाबेसमध्ये पाहतात. त्यात विद्यापीठापुढे 'एच प्लस' असं लिहिलेलं हवं. इथे आपल्याकडचे बरेच जण गडबडतात. ते स्वतःच्या कॉलेजचं नाव शोधतात, ते सापडत नाही, आणि घाबरून फोन करतात. आपल्या संलग्न कॉलेजांची पदवी विद्यापीठ देतं, म्हणून शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ असं शोधायचं. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं. त्याआधीच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव असेल, तर एका ओळीचा खुलासा जोडलेला बरा. विद्यापीठाबरोबर पदवीचं नावही तपासा, विशेषतः बीसीएससारख्या तीन वर्षांच्या पदव्यांचं. ते तिथे नसेल, तर परदेशी पदव्या तपासणाऱ्या झेडएबी या जर्मन संस्थेकडून तुलनात्मक प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याची फी २०८ युरो आहे.

पदवी नसलेल्या आयटीवाल्यांसाठीही नोव्हेंबर २०२३ पासून हा दरवाजा उघडा आहे. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा पदवीच्या तोडीचा आयटीचा अनुभव असेल, तर ब्लू कार्ड मिळू शकतं. डिप्लोमा करून कामाला लागलेल्या आणि उत्तम काम करणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो. इचलकरंजी, सांगली, नगरकडे अशी मुलं खूप आहेत आणि त्यांना ही वाट कुणी सांगितलेली नसते.

जून २०२४ पासून चान्सेनकार्टे नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यावर नोकरी हातात नसताना, ती शोधण्यासाठी वर्षभर जर्मनीत राहता येतं. पण तेवढ्या दिवसांच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. माझं मत विचाराल तर आयटीवाल्याने आधी घरून नोकरी मिळवावी. मुलाखती ऑनलाइनच होतात, आणि बर्लिनच्या भाड्यात बचत संपताना नोकरी शोधणं जीवावर येतं.

जुन्या कंपनीने अनुभवाचं पत्र दिलं नाही. पगाराचा काही भाग रोख मिळायचा. पीएफ नव्हता. आता?

हा प्रश्न लहान गावातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा असतो. माझाही होता. माझ्या एका कंपनीने बाँडच्या नावाखाली दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली होती आणि निघताना रिलीव्हिंग लेटरसाठी चार महिने फिरवलं. त्या चार महिन्यांत मी रोज सकाळी मेल पाठवायचो आणि रोज रात्री आईला 'येईल' म्हणून सांगायचो.

त्यातून शिकलो ते असं. जे आहे ते आजपासून गोळा करायला लागा. ऑफर लेटर, पगारवाढीचे मेल, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६, प्राप्तिकराचं विवरणपत्र. यांतून तुम्ही तिथे होतात हे सिद्ध होतं. काय काम केलं, हे जुन्या वरिष्ठांच्या सहीच्या पत्राने सांगता येतं, मग ते वरिष्ठ आता दुसरीकडे असले तरी चालतं. ग्राहकाचं पत्रही उपयोगी पडतं. मला एका कारखान्याच्या संगणक विभागप्रमुखांनी लेटरहेडवर इंग्रजीत पत्र दिलं, आणि ते मुलाखतीत एकदा खरंच वाचलं गेलं. रोख पगाराचा आकडा फुगवून सांगू नका. पार्श्वभूमी तपासणीत खोटं सापडलं, तर ऑफर परत घेतात.

आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. दाखवा, छायाप्रत द्या, परत घ्या.

नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आहे. बाहेरची कंपनी थांबेल का?

बहुतेक थांबतात, व्हिसालाही वेळ लागतोच. करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय राजीनामा देऊ नका. जमत असेल तर व्हिसा पासपोर्टवर उमटेपर्यंत थांबा आणि तसं नव्या कंपनीला आधीच सांगा.

साठ हजार युरो म्हणजे साठ लाखांच्या आसपास ना?

असा गुणाकार करू नका. वर्षाला ६०,००० युरो असतील, तर एकट्या माणसाच्या हातात कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा वजा जाता महिन्याला साधारण ३,१५० युरो येतात. बर्लिनमध्ये नव्या कराराने दोन खोल्यांचं घर घ्यायचं, तर हीटिंग धरून १,२०० ते १,६०० युरो सहज जातात. घरमालक अनामत म्हणून हीटिंगशिवायच्या भाड्याच्या तिप्पटीपर्यंत रक्कम घेऊ शकतो, म्हणून पहिल्या पगाराआधी हाताशी चार-पाच हजार युरो लागतात. पुण्यात ज्याला महिन्याला दीड लाख मिळतात आणि घर स्वतःचं आहे, त्याने केवळ बचतीसाठी इकडे यावं असं मी म्हणणार नाही.

पण त्या कापलेल्या पैशांतून काय मिळतं तेही मोजा. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत कंपनी पूर्ण पगार देते. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस भरपगारी रजा कायद्यानेच मिळते, आणि बऱ्याच कंपन्या २८-३० देतात. सरकारी शाळेला फी नाही. बर्लिनमध्ये पाळणाघर-बालवाडीला फक्त जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. आणि रजेवर असताना मला फोन येत नाही. कोल्हापुरात हंगामाच्या सहा वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता.

घर मिळाल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. कर क्रमांक त्यावरून येतो आणि बऱ्याच बँकांना खातं उघडताना तोच कागद लागतो. म्हणून पहिल्या महिन्यासाठी तात्पुरती खोली घेताना 'इथे नोंदणी करता येईल का' हे भाड्याआधी विचारा.

एजंट तीन लाख मागतोय. नोकरी आणि व्हिसा दोन्ही करून देतो म्हणतो. देऊ का?

नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरला नोकरी देणारी खरी कंपनी त्याच्याकडून पैसे घेत नाही. जर्मनीच्या राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे. परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटला भारत सरकारचा परवाना लागतो, आणि त्यालाही नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. परवाना आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दिसतं. मिरजेच्या एका मुलाने आईचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले होते. त्याला मिळालेलं ऑफर लेटर मी वाचलं. त्यावरच्या पत्त्यावर कंपनी नव्हतीच, एक बेकरी होती. मी स्वतः जाऊन पाहिली. पैसे देण्याआधी कुणालातरी कागद दाखवा. मला दाखवा.

अमेरिका, इंग्लंड, नेदरलँड्स का नाही?

जरूर जा, फक्त वाट समजून घ्या. अमेरिकेच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० अधिक तिथल्या पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी २०,००० आहे, आणि निवडीत नशिबाचा वाटा मोठा असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या उमेदवारांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं, त्यामुळे लोकल कंपनीतून थेट तिकडे जाणं फार अवघड झालंय. ग्रीन कार्डमध्येही कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. त्यापेक्षा पुण्यात ज्या बहुराष्ट्रीय कंपन्यांची केंद्रं आहेत तिथे आधी शिरायचं आणि आतून बदली मागायची, ही वाट जास्त खात्रीची. अमेरिकेत अशा बदलीसाठी एल-१ व्हिसा असतो, त्यासाठी गेल्या तीन वर्षांत त्या कंपनीत सलग एक वर्ष काम केलेलं असावं लागतं.

नेदरलँड्समध्ये परदेशी कर्मचारी आणायला मान्यता असलेल्या कंपन्यांची यादी सरकार जाहीर करतं, तिथूनच शोध सुरू करा. तिशीच्या आत असाल तर पगाराची अट कमी आहे. बाहेरून आलेल्यांना मिळणारी ३० टक्क्यांची करसवलत २०२७ पासून २७ टक्के होणार आहे. इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून साधारण ४१,७०० पौंड पगार लागतो.

घर सोडायचं नाही. गावी बसून बाहेरच्या कंपनीचं काम करता येईल?

येतं, आणि हल्ली गडहिंग्लज, सातारा, अकोल्यातून करणारे मला माहीत आहेत. फक्त नोकरी आणि कंत्राट यांतला फरक ओळखा. बहुतेक जण कंत्राटदार असतात. त्यात पीएफ, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा काही नसतं. आगाऊ कर स्वतः भरावा लागतो, आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवा निर्यात धरली जाते, आणि एलयूटी हे हमीपत्र भरलं तर त्यावर जीएसटी न आकारता बिल करता येतं. एका चांगल्या सीएची फी पहिल्याच वर्षी वसूल होते. आरोग्य विमा स्वतःचा आणि आई-वडिलांचा काढल्याशिवाय सुरुवात करू नका.

बायकोला किंवा नवऱ्याला नेता येतं का? काम करता येतं का?

हो, दोन्ही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही आणि कामावर बंधन नाही. पण कागदावरची परवानगी वेगळी आणि प्रत्यक्ष नोकरी वेगळी. पुण्यात शिक्षिका, वकील किंवा बँकेत असलेल्या जोडीदाराला इथे भाषेशिवाय काम मिळत नाही, आणि पहिला हिवाळा, दुपारी चारला होणारा अंधार, घरात एकटं बसणं याने चांगली चांगली माणसं खचतात. निर्णय दोघांनी मिळून घ्या. जोडीदाराच्या भाषेच्या वर्गाचे पैसे प्रवासखर्चातच धरा.

आई-बाबांचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कठीण प्रश्न. भेटीला आणायचं, तर शेंगेन या युरोपभेटीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. ज्यांना पहिलं ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराचा परवाना १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर मिळाला, त्यांना आई-वडिलांना राहायला आणण्याची तरतूद आता कायद्यात आहे. पण त्यांच्या खर्चाची आणि आरोग्य विम्याची पूर्ण सोय दाखवावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाचा खासगी विमा खूप महाग पडतो. माझं कार्ड जुनं, त्यामुळे मला ही तरतूद लागू नाही.

माझे बाबा २०२१ मध्ये आजारी पडले तेव्हा मला पोचायला तीन दिवस लागले. चुलतभावाने सगळं सांभाळलं. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: निघण्याआधी गावात एक माणूस ठरवा, त्याच्याशी स्पष्ट बोला, त्याच्याकडे घराची किल्ली, विम्याचे कागद, डॉक्टरांचा नंबर आणि खर्चाला पैसे ठेवा. तिकिटापुरती रक्कम कायम बाजूला ठेवा. बहीण-भावावर सगळं टाकून निघू नका. जो मागे राहतो तोही करिअर सोडत असतो.

नोकरी गेली तर देश सोडावा लागतो?

लगेच नाही. इमिग्रेशन कार्यालयाला कळवावं लागतं आणि दुसरी नोकरी शोधायला काही महिने मिळतात. गेल्या ३० महिन्यांत १२ महिने बेकारी विमा भरलेला असेल, तर निव्वळ पगाराच्या ६० टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. नोटीस हातात पडली की तीन दिवसांत रोजगार कार्यालयात नाव नोंदवा, नाहीतर भत्ता कापतात. सगळ्यात नाजूक काळ पहिले सहा महिने. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, म्हणून तेवढे दिवस गाडी आणि मोठं फर्निचर घेऊ नका.

भारतातल्या बँक खात्याचं, पीपीएफचं काय करायचं?

साधं बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं रुपयांतलं खातं) करून घ्या, ते कायद्याने बंधनकारक आहे. आधीचं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक), आधार आणि मोबाईल नंबर निघण्याआधी जुळवून घ्या. तो नंबर चालू ठेवायला भावाला सांगा, सगळे ओटीपी त्यावरच येतात.

माझं वय अडतीस आहे. उशीर झाला का?

नाही. माझ्या टीममधला एकजण त्रेचाळिसाव्या वर्षी नागपूरहून आला. ब्लू कार्डला वयाची अट नाही.

नागरिकत्व घ्यावं का? आणि परत यायचं झालं तर?

जर्मन नागरिकत्व आता पाच वर्षांनी मागता येतं. तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं, भारत नाही, म्हणून आपला पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं कार्ड, घ्यावं लागतं. मी अजून अर्ज केलेला नाही. गावच्या मतदार यादीतलं नाव सोडायचं मन होत नाही.

परतीची वाट मोकळी ठेवता येते. ब्लू कार्ड असताना १२ महिन्यांपर्यंत बाहेर राहिलात, तर परवाना जात नाही. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे इथे भरलेलं पेन्शन वाया जात नाही. पाच वर्षं भरलं असेल तर निवृत्तीच्या वयात भारतातही मिळतं. परत आल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बऱ्याच जणांना करात आरएनओआर हा परतलेल्यांसाठीचा तात्पुरता दर्जा मिळतो आणि परदेशातल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही, पण ते सीएकडून आधीच तपासून घ्या. माझी आयर्लंडमधली मैत्रीण पुढच्या जूनमध्ये परत येतेय, कोल्हापुरातच टीम उभी करायला. तिने माणसं शोधायला सुरुवात केलीय, आणि पहिला फोन तिने आमच्या जुन्या ऑफिसातल्या मुलांना केला.